ओल्या टॉवेलचं पहिलं ऐकणं

शुक्रवार उजाडला की माझ्या नवऱ्याच्या कपाळावर आठ्या पडतात, कारण नवे अल्बम शुक्रवारी निघतात. जगात कुठे कुठे चार पोरं खोलीचं दार लावून गिटार वाजवतात, ते रेकॉर्ड करतात, आणि सगळं फिरून फिरून आमच्या कोलकात्यातल्या बालीगंजच्या फ्लॅटमध्ये सलील मुजुमदारच्या फोनवर येऊन पडतं. इंडी रॉक म्हणतात त्याला. म्हणजे मागे कुठली मोठी कंपनी नाही, आपलं आपण केलेलं रॉक. मी इतकी वर्षं भिंतीपलीकडून ऐकतेय, त्यावरून सांगते, कंपन्या मागे का उभ्या राहिल्या नाहीत ते समजतं.

सलीलची खरी नोकरी सॉल्ट लेकला, सेक्टर फाइव्हमध्ये. वॉशिंग मशीन, मिक्सर वगैरेंबरोबर जी माहितीपुस्तकं येतात आणि जी कुणी उघडत नाही, त्यांचं इंग्रजी तो सुधारतो. अल्बमचं काम वरचं. एका इंग्रजी वेब-दैनिकात त्याचा आठवड्याचा कॉलम असतो, नव्या अल्बमबद्दल पहिल्या ऐकण्यात काय वाटलं ते लिहायचं. नियम त्याचा त्यानेच घालून घेतलाय. अल्बम एकदाच ऐकायचा, गरियाहाटला बसमध्ये चढल्यापासून ऑफिसपाशी उतरेपर्यंत, आणि टेबलावर चहा यायच्या आत लिहून मोकळं व्हायचं. परत ऐकायचं नाही. माहितीपुस्तक लोक एकदाच वाचतात, गाणंही एकदाच ऐकतात, मग मी तरी जास्त का ऐकू, असं त्याचं म्हणणं. यावर काय बोलणार, कपाळ!

लिहितो मात्र झकास. एका बँडबद्दल लिहिलं होतं, 'अल्बम ऐकताना बस रुबीच्या चौकात अडकली. अल्बमही तिथेच अडकला. बस नंतर सुटली.' दुसऱ्या एकाबद्दल, 'चौथ्या गाण्यात व्हायोलिन येतं. का, ते त्यालाही सांगितलेलं नसावं.' एका गायकाबद्दल, 'हा फार दुःखी आहे. कशामुळे, याची चौकशी अजून चालू आहे.' आणि एका मोठ्या नावाजलेल्या चौकडीबद्दल तर फक्त एवढंच, 'यांना आकाशाविषयी काहीतरी सांगायचं आहे. आकाशाने नम्र नकार कळवला आहे.' इंग्रजीत लिहितो तो, मराठीत मी सांगतेय. जेवताना वाचून दाखवतो तेव्हा स्वतः हसत नाही. हसायचे दिवस गेले म्हणतो. सगळे अल्बम एकाच पोराने वेगवेगळी नावं घेऊन केल्यासारखे वाटतात, सगळे कुजबुजतात, सगळ्यांच्या आवाजामागे विहिरीत बसल्यासारखा घुमारा. मग सोडून दे ना, असं मी म्हणायचे. एखादं चांगलं निघेल, म्हणायचा, आणि पुढच्या शुक्रवारी पुन्हा तोंड वाकडं.

वाचणाऱ्यांना हा बंगाली वाटतो, कारण मुजुमदार आडनाव, आणि बंगाल्यांत मजुमदार असतात. त्यामुळे इथल्या बँडची पोरं जास्तच खवळतात, मजुमदारदा आपला असून आपल्याच जिवावर उठला म्हणून. आता यांना कुठे सांगत बसायचं की याचे आजोबा खिदिरपूरला बंदरावर कस्टमच्या नोकरीत साताऱ्याहून आले, तेव्हापासून इथे राहूनही आम्ही मुजुमदार मराठीच आहोत? सलील जन्मापासून इथला. मी सांगलीची, लग्न होऊन आले, शाळेत शिकवते, आणि अजूनही बंगालीत भांडायचं झालं की मला हिंदी आठवतं.

आता हा असा तिखट माणूस मराठी मंडळात कसा वागतो, ते ऐका. आमचं मंडळ लहान. गणपतीत पोरांचे कार्यक्रम होतात. नाट्यगीत म्हणणाऱ्या पोरीचे 'अ' बंगाली वळणाने सगळे 'ओ' झालेले असतात, नाटुकल्यात अर्धी पोरं आईकडे बघत उभी असतात. संपलं की सगळ्यांनी उठून म्हणायचं, छान झालं हो, फारच छान. कुणी कधी वाकडा शब्द बोलत नाही. बोलून करणार काय? त्याच लोकांबरोबर संक्रांतीला तिळगूळ, त्यांच्याच गाडीतून विमानतळ, त्यांच्याकडूनच कुळथाचं पीठ. इतक्या दूर गावात माणूस तोडायची कुणाची हिंमत नसते. सलीलही म्हणतो, छान. तेव्हा त्याचा चेहरा गुळगुळीत होतो, आणि मला कळतं की या माणसाने एक अक्षर ऐकलेलं नाही.

आमच्या मुलीलाही ते कळतं. कादंबरी नाव तिचं. लहानपणी मंडळात गाऊन आली की गर्दीतून सरळ बाबापाशी यायची आणि विचारायची, खरं सांग. मग तो खरं सांगायचा. दुसऱ्या कडव्यात घाबरलीस, शेवटी घाई केलीस. मला तेव्हा रागच यायचा, एवढ्याशा पोरीला काय ते! पण पोर खूश व्हायची. आमच्या घरात छान म्हणायची पद्धत पडली नाही ती अशी.

ही कादंबरी आता सव्वीस वर्षांची आहे. सेक्टर फाइव्हलाच एका डिझाइन ऑफिसात आहे, आणि शनिवार-रविवार एका बँडमध्ये गाते. ड्रमवाली मृणाल हावड्याला राहते, तिच्या काकांच्या बंद पडलेल्या लेथच्या कारखान्यात यांची तालीम चालते. बँडचं नाव 'भिजे तोआले', म्हणजे ओला टॉवेल. यंदा श्रावणात त्यांचा पहिला अल्बम निघाला, नाव 'हाफ बॉइल', इथे अर्धकच्च्या उकडलेल्या अंड्याला म्हणतात तसं. मी सलीलकडे बघितलं. दुसऱ्या कुणाचा असता तर नुसत्या नावांवर याचा निम्मा कॉलम लिहून झाला असता. हा ताटातली कोशिंबीर चिवडत बसला.

गंमत म्हणजे ती बाबाला अल्बम ऐक म्हणत नव्हती. तिच्या ऑफिसने पुण्याला शाखा काढली होती आणि तिला विचारलं होतं, जातेस का. मंगळवारपर्यंत कळवायचं होतं. बँडचं म्हणणं, राहा, थंडीत कॉलेजांचे महोत्सव असतात, चार ठिकाणी वाजवू. तिचं मन धड इकडे नव्हतं, धड तिकडे नव्हतं. मैत्रिणींना विचारलं तर सगळ्या म्हणतात, दारुण. बंगालीत दारुण म्हणजे फार सुरेख, आपल्याकडे त्याचं काय होतं ते सोडा. तिला त्या दारुणने काहीच कळेना. शेवटी ती बाबासमोर येऊन बसली.

"बाकीच्यांचं ऐकतोस तसं ऐक," म्हणाली. "बसमध्ये, एकदाच. मी कोण ते विसरून लिही. तू लिहिशील त्यावर मी ठरवणार आहे."

मी म्हटलं, अगं, असं कुणी आयुष्य ठरवतं का? एवढी घोडी झालीस, तुझं तू ठरव की. पण बापलेकीच्या मध्ये मला कोण विचारतंय. अल्बमवर तिचं नाव नुसतं 'कादो' होतं, मित्रमंडळी म्हणतात तसं, त्यामुळे बाहेर कुणाला नातं कळणार नव्हतं. सलील म्हणाला, बरं.

त्या शुक्रवारी तो बसला गेलाच नाही. रजा टाकली. मी पेपर तपासायला घरी होते, त्यामुळे सगळं डोळ्यांदेखत झालं. कपाटावरचे मोठे हेडफोन काढले, पुसले, बाल्कनीत खुर्ची टाकली आणि ऐकत बसला. संपलं, पुन्हा लावलं. पुन्हा संपलं, पुन्हा लावलं. त्याला असं ऐकताना मी लग्नानंतर पहिल्यांदा पाहिलं. मध्ये चहा ठेवला तो तसाच गार झाला. मी विचारलं, कसं आहे रे? म्हणाला, आवाज चांगला आहे. आणि पाणी प्यायला आत गेला. बायकोला अजून काय सांगायला लागतं? मी ओळखलं, बरा नाहीये अल्बम. वाईटही नसेल, कारण वाईट असता तर याने दोन ओळी मजेत लिहिल्या असत्या. हा मधलाच होता, दर शुक्रवारी येतात तसला.

खोटं कशाला बोलू, मला तेव्हा आनंदच झाला असता तो छान म्हणाला तर. कादंबरी पुण्याला गेली की या घरात आम्ही दोघंच. एक कुरकुरणारा आणि एक ती कुरकूर ऐकणारी. ती संध्याकाळी येते, चप्पल भिरकावते, फ्रिज उघडून उभी राहते, तेव्हा घर सुरू होतं. सलीलच्या मनात काय चाललं होतं ते मला न सांगता कळत होतं, कारण तेच माझ्याही मनात होतं. दोघांनीही अळीमिळी गुपचिळी.

शनिवारी कॉलम आला. मी वाचला आणि मला घाम फुटला. 'प्रामाणिक प्रयत्न', 'आश्वासक सूर', 'उबदार गायकी'. शेवटी चक्क 'पुढच्या वाटचालीकडे आमचं लक्ष राहील'. खाली वाचकांनी विचारलं होतं, मजुमदारदांची तब्येत बरी आहे ना? मंडळात मात्र आनंदीआनंद. कादो म्हणजे कोण ते मंडळाला कळायला कितीसा वेळ? आमचे अध्यक्ष शरच्चंद्रकाका, त्यांचा फोन. पोरीचं फार छान छापून आलंय, गणपतीत तिसऱ्या दिवशी तिचा कार्यक्रम ठेवतो, एखादं भक्तिगीतही बसवायला सांगा. मी हो हो म्हणत फोन ठेवला.

दुपारी जेवताना कादंबरीने फोन ताटाशेजारी ठेवून कॉलम वाचला. सावकाश वाचला. मला वाटलं, चिडेल. चिडली असती तर परवडलं असतं.

"हा शरच्चंद्रकाकांनी लिहिलाय का?" एवढंच विचारलं तिने.

सलीलने काहीतरी पुटपुटायचा प्रयत्न केला. पहिला अल्बम आहे, वय लहान आहे, असं काहीसं. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मला बाबा नको होता रे. बाबा मला आहेच. मला तो बसमधला माणूस हवा होता." आणि फोन बाजूला सारत, "मी इथेच राहावं म्हणून लिहिलंस ना?"

त्याने पानात आणखी मीठ वाढून घेतलं. मीही आमटीचं भांडं उगाच पुढे सरकवलं. तिने ताट उचलून सिंकमध्ये ठेवलं, पिशवी भरली आणि मृणालकडे हावड्याला जाते म्हणून निघून गेली. दारही आपटलं नाही. आम्ही दोघं तिच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत ताक प्यायलो. मला त्याचा राग आला होता आणि माझाही आला होता, आणि दोन राग एकदम आले की माणूस नुसता थकतो. त्या दुपारी मी गाढ झोपले.

रविवारी सकाळी सलील ऑफिसचा शर्ट घालून उभा. मी म्हटलं, आज कुठे? म्हणाला, बसने. मीही साडी नेसून निघाले, त्याने नको म्हटलं नाही. गरियाहाटला चढलो, त्याने खिशातले नेहमीचे पांढरे इअरफोन काढले, ज्यांचा एक कान नीट वाजत नाही, आणि अल्बम लावला. मी शेजारी. श्रावणअखेरचं कोलकात्याचं ऊन, बस थांबली की अंगाला चिकटून बसते तसली हवा. बिजोन सेतू आला, रुबी आलं, सायन्स सिटी गेली. मी त्याचा चेहरा बघत होते. आधी बाल्कनीत होता तो बापाचा चेहरा. आता हळूहळू तो दर शुक्रवारचा वैतागलेला, कंटाळलेला, ओठ एका बाजूला गेलेला चेहरा आला. चिंग्रीघाटाशी त्याने एक जांभई दिली. पोटच्या पोरीच्या गाण्याला जांभई! मला वाईट वाटलं आणि बरंही वाटलं.

सेक्टर फाइव्ह रविवारी ओस असतं. एका टपरीवर मातीच्या भांड्यातला चहा घेतला आणि तो फोनवर लिहीत बसला. लिहून झाल्यावर संपादकांनाही कळवून टाकलं, कालच्या अल्बमची गायिका माझी मुलगी आहे, कॉलम काढून टाका, चूक माझी. मला दाखवलं. मी म्हटलं, कॉलम बंद करतील. म्हणाला, करू देत. त्याला खरोखरच काही वाटत नव्हतं. परतीच्या बसमध्ये तो माझ्या खांद्यावर डोकं टाकून झोपला, घोरलासुद्धा, आणि समोरची बाई हसायला लागली तरी मी त्याला उठवलं नाही.

संध्याकाळी कादंबरी आली. पिशवी मांडीवरच, म्हणजे परत जायची तयारी. सलील म्हणाला, छापायला नाही, तुला वाचून दाखवायला लिहिलंय. मूळ इंग्रजी होतं, पण वाचताना तो मराठीत सांगत गेला, आमच्या घरी भांडण आणि माफी मराठीतच होते.

"पहिलं गाणं सुरू झालं तेव्हा बस पुलावर चढत होती," त्याने वाचलं. "बस चढली. दुसऱ्या गाण्यात गिटार आणि ड्रम एका खोलीत आहेत, पण त्यांची ओळख कुणी करून दिलेली नाही. तिसरं गाणं वाईट आहे. चौथ्यात गायिका म्हणते, मला झोप येत नाही. पाचव्यात आम्हाला आली."

कादंबरी फिस्सकन हसली. मग पिशवी खाली ठेवून मोठ्याने हसली. मला मात्र हसू येईना. एवढं वाईट लिहायला कसं धजवलं याला, असं वाटत राहिलं. सलील थांबला, चष्मा वर केला. पुढचं वाचताना त्याचा आवाज बदलला.

"गायिकेचा आवाज चांगला आहे. पण ती गात नाही, विचारते. गाऊ का, बरं चाललंय का, असं दर ओळीच्या शेवटी थांबून कुणीतरी हो म्हणायची वाट बघते. हे विचारायला तिला कुणी शिकवलं, ते अल्बमवर छापलेलं नाही."

ते कुणी शिकवलं होतं ते आम्हा तिघांनाही माहीत होतं. मंडळाच्या गर्दीतून बाबापाशी धावत येणारी पोर मला दिसली, आणि त्याला तर नक्कीच दिसली असणार, कारण त्याने फोन उलटा करून टेबलावर ठेवला आणि दोन्ही हात मांडीवर घेऊन बसला.

"परत वाच," कादंबरी म्हणाली.

त्याने परत वाचलं. तिने मान हलवली, उठली, फ्रिज उघडून नेहमीसारखी उभी राहिली आणि गार पाण्याची बाटली तोंडाला लावली. त्या रात्री घरी राहिली. दुसऱ्या दिवशी ऑफिसातून आल्यावर चप्पल काढता काढता म्हणाली की तिने पुण्याला हो कळवलंय, दुर्गापूजेच्या आधी जायचंय. सांगितलं, विचारलं नाही. सलीलने फक्त हं केलं. मी विचारलं, आणि बँड? म्हणाली, मृणालशी बोलणं झालंय, गाणी तिकडे लिहीन, सुट्टीत येऊन रेकॉर्ड करू. दुसरा अल्बम करणार आहोत.

"तो मी तुला पाठवणार नाही, बाबा," ती म्हणाली. रागाने नाही, सहज म्हणाली.

"नको पाठवू," तो म्हणाला.

गेली ती. हावडा स्टेशनवर सोडायला गेलो, मंडळातल्या सुधाताईंनी दिलेला चिवड्याचा डबा तिने बर्थखाली सरकवला, गाडी हलली. रडू मला आलं. हा प्लॅटफॉर्मवर उभा राहून डब्यांचे नंबर वाचत होता. कॉलम काही बंद केला नाही त्यांनी, उलट खरं सांगितल्याबद्दल कौतुकच केलं, तेव्हा शुक्रवार आमचे चालूच आहेत. फक्त कॉलमला उशीर व्हायला लागला. परवा संपादिकाबाईंचा मला फोन आला, सर बरे आहेत ना, नवे अल्बम साचलेत. मी काहीतरी थाप मारली. रात्री जेवताना त्याला धरलं, बसमध्ये ऐकतोस तरी काय रे हल्ली? त्याने ताकास तूर लागू दिली नाही. मग फोन उचलून मीच बघितलं. जातानाही हाफ बॉइल, येतानाही हाफ बॉइल. बाकीचे सगळे न उघडलेले.

म्हटलं, इतकं आवडायला लागलं होय?

"नाही गं," तो म्हणाला. "तिसरं गाणं वाईटच आहे. रोज ऐकतो, रोज तितकंच वाईट असतं. पण तिचा आवाज आता दुसरीकडे कुठे ऐकू येतो, विनीता?"